रोजच्या गाडीला बजेटमधले कॉइलओव्हर: मराठवाड्यातल्या रस्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी थोडी खाली बसली की उठून दिसते आणि वळणावर कमी झुकते. पण तीच गाडी रोज वाळूजला ड्युटीला जाते, लग्नसराईत पाच माणसं घेऊन गावाकडे जाते आणि पावसाळ्यात काळ्या मातीवरच्या उखडलेल्या डांबरावरून परत येते. खालची उत्तरं अशा गाडीसाठी आहेत. फक्त प्रदर्शनात उभ्या करायच्या गाडीला यातलं निम्मं लागू नाही.

कॉइलओव्हर म्हणजे नेमकं काय?

शॉकअपच्या नळीवर आटे पाडलेले असतात आणि स्प्रिंग ज्या बशीवर बसते ती बशी त्या आट्यांवर वरखाली फिरते. बशी खाली घेतली की गाडी खाली, वर घेतली की वर. आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग शॉकअपवरच असते आणि पुढचा भाग खरोखर कॉइलओव्हर होतो. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा आडवा बीम असतो. तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, त्यामुळे किटमध्येही मागे आखूड स्प्रिंग, तिच्याखाली फिरणारी बशी आणि सुटा शॉकअप असंच येतं. डबा उघडल्यावर मागचे शॉकअप नुसते दिसले म्हणजे फसवणूक झाली असं समजू नका.

गाडी किती खाली घ्यावी?

आमचं उत्तर २५ ते ३० मिमी. पण प्रत्येक वाटेवर तेवढंही चालेलच असं नाही, का ते पाहा.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या मानकातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० मिमी. गाडी बरोबर मधोमध आली की चारही चाकं गतिरोधकाच्या उतारावरच असतात आणि त्याचा माथा चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या फक्त ४४ मिमी वर येतो. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावर १३० मिमी क्लिअरन्सची (जमिनीपासून पोटापर्यंतच्या मोकळ्या जागेची) गाडीसुद्धा आरामात जाते.

आता गावाच्या वेशीवर रातोरात टाकलेला उंचवटा घ्या. १५० मिमी उंच आणि जेमतेम अर्धा मीटर रुंद. हा दोन चाकांच्या मधे पूर्ण मावतो, त्यामुळे त्याची अख्खी १५० मिमी उंची गाडीच्या पोटाखाली येते. कागदावर १६३ मिमी क्लिअरन्स असलेली स्विफ्ट मोकळी असताना त्यावरून कशीबशी निघते. ३० मिमी खाली केली की १३३ उरतात आणि चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) घासतो. अशा ठिकाणी गाडी तिरकी घेतली तर एक-एक चाक उंचवट्यावर चढतं आणि पोट थोडं उचललेलं राहतं, पण रस्ता एकपदरी असला तर तिरकं व्हायलाही जागा नसते.

म्हणून किट मागवण्याआधी रोजच्या वाटेवरचा सगळ्यात वाईट उंचवटा मोजा. त्याच्या माथ्यावर सरळ लाकडी पट्टी आडवी धरा आणि पट्टीपासून रस्त्यापर्यंत टेप लावा. मग गाडीत नेहमीची माणसं बसवून चेंबरपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. या दोन आकड्यांत जेवढा फरक आहे तेवढीच तुमची मुभा.

साइडपट्टीही मोजा. ऊस वाहतुकीच्या दिवसांत समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला की आपल्यालाच डांबर सोडावं लागतं. पावसाने मुरूम वाहून गेला असेल तर डांबराची कड १०० मिमीहून जास्त उंच राहते. तिथे चेंबर वाचला तरी दाराखालची पट्टी वाचत नाही.

किटच्या जाहिरातीत ‘३० ते ६० मिमी’ लिहिलंय. ३० वर ठेवली तर चालेल ना?

आधी विचारा, ३० मिमी कशाच्या तुलनेत? बरीचशी किट युरोप किंवा जपानमधल्या गाडीच्या उंचीवर बेतलेली असतात. तीच गाडी भारतात विकताना कंपनी अनेकदा उंच करते. समजा इथली गाडी १५ मिमी उंच आहे, तर किटवरचा ‘३०’ इथे ४५ होतो आणि सगळ्यात वरच्या आट्यावरही गाडी हवी त्यापेक्षा खाली राहते. विक्रेत्याला भारतीय मॉडेलवर बसवलेल्या किटचं माप मागा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं. फोटोवरून काही कळत नाही.

नळीचा व्यासही विचारून घ्या. स्कोडा लॉरा ही शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली गाडी आहे. तिच्या जातीच्या गाड्यांत स्ट्रट नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) कड्यात बसतो आणि हे कडं ५० आणि ५५ मिमी अशा दोन मापांत येतं. चुकीचं आलं तर गाडी जॅकवर चढवून ठेवायची आणि किट परत पाठवायचं. आधी व्हर्नियरने मोजा, मग पैसे भरा.

ट्रॅव्हल म्हणजे काय आणि त्याचा एवढा आग्रह का?

गाडी उभी असताना चाक अजून किती वर जाऊ शकतं, ते बंप ट्रॅव्हल. ते संपलं की शॉकअपची नळी दांड्यावरच्या बंप स्टॉपरवर, म्हणजे ठोकळ्यावर जाऊन आदळते. तिथून पुढे स्प्रिंग कितीही चांगली असली तरी धक्का थेट बॉडीला बसतो. ‘कॉइलओव्हर लावल्यावर गाडी बैलगाडीसारखी झाली’ ही तक्रार घेऊन आलेल्या गाड्यांत दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो: स्प्रिंग फार कडक नसते, गाडी सदैव स्टॉपरवर टेकलेली असते.

कंपनीच्या लांब शॉकअपवर ३० मिमी खाली बसणारी स्प्रिंग टाकली की ट्रॅव्हलमधले सरळ ३० मिमी जातात. चांगल्या किटमध्ये शॉकअपची नळीच आखूड केलेली असते, त्यामुळे खाली बसूनही ट्रॅव्हल बरंचसं शिल्लक राहतं. स्वस्त किट घेताना क्लिक (शॉकअपचा कडकपणा बदलणाऱ्या बटणाचे टप्पे) मोजू नका, रंग बघू नका. हाच प्रश्न विचारा: या उंचीवर पुढे स्टॉपरपर्यंत किती मिलिमीटर मोकळे राहतात? पुढे किमान ५० आणि मागे किमान ६० मिमी असावेत असं आम्ही सांगतो.

बसवल्यावर मोजायची पद्धत सोपी आहे. डस्ट कव्हर वर सरकवा, पिस्टनच्या दांड्याला पातळ केबल टाय घट्ट बांधा आणि खाली सीलला टेकवून ठेवा. मग नेहमीच्या वजनात, नेहमीच्या वाटेवर, नेहमीच्या वेगाने जाऊन या. नळी वर येताना टायला ढकलत नेते आणि टाय सगळ्यात वरच्या जागी अडकून राहतो. सपाट जागी गाडी उभी करून सीलपासून टायपर्यंत मोजलं की रस्त्याने किती ट्रॅव्हल वापरलं ते कळतं. टायपासून स्टॉपरपर्यंत जे उरलं ती तुमची शिल्लक. टाय स्टॉपरमध्ये घुसून चेपला असेल तर गाडी ५ ते १० मिमी वर घ्या आणि पुन्हा मोजा. चारही चाकांचं करा, कारण ड्रायव्हरच्या बाजूचा आकडा वेगळा येतो.

स्प्रिंग किती कडक घ्यावी?

स्प्रिंगचा आकडा किलो प्रति मिमीमध्ये लिहितात. ४ किलोची स्प्रिंग म्हणजे ती १ मिमी दाबायला ४ किलो वजन लागतं. साध्या हॅचबॅकची कंपनीची पुढची स्प्रिंग साधारण २ किलोच्या आसपास असते.

नुसत्या आकड्यावरून आराम कळत नाही, गाडीचं वजन धरावं लागतं. समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलो येतात. त्यातून चाक, ब्रेक, नकल यांचं वजन वजा केलं की स्प्रिंगवर २६५ किलो उरतात. ते स्प्रिंगच्या आकड्याने भागले की स्प्रिंग किती मिलिमीटर दबते ते मिळतं. मग १५.८ ला त्या मिलिमीटरच्या वर्गमुळाने भागा. उत्तर म्हणजे गाडी सेकंदाला किती वेळा झुलेल ते. २ किलोच्या स्प्रिंगला १३२ मिमी, म्हणजे सेकंदाला १.४ झोके. ३ किलोला १.७, ४ किलोला १.९, ५ किलोला २.२ आणि ७ किलोला २.६. स्ट्रट तिरका असल्याने खरे आकडे थोडे कमी येतात, पण तुलनेला हे पुरेसे आहेत.

घरची गाडी १ ते १.५ मध्ये असते. १.५ ते १.९ ला गाडी घट्ट वाटते, पण मागे बसलेल्या आईची पाठ दुखत नाही. दोनच्या पुढे गेलं की जालना रोडवरचे जोडसुद्धा मोजता येतात. त्यामुळे हजार किलोच्या हॅचबॅकला पुढे ३ ते ४ किलो मागा. ‘सगळ्यांना हीच जाते’ असं म्हणून ७ किलोची स्प्रिंग गळ्यात मारत असतील तर ती ट्रॅकसाठीची आहे.

आता उलट बाजूही बघा. ५० मिमी मोकळं ट्रॅव्हल आणि ४ किलोची स्प्रिंग म्हणजे स्टॉपरपर्यंत पोचायला २०० किलो जादा भार लागतो. त्याच ५० मिमीला २ किलोची मऊ स्प्रिंग ठेवली तर १०० किलोतच गाडी आपटते. गाडी जितकी खाली, तितकं ट्रॅव्हल कमी. ट्रॅव्हल जितकं कमी, तितकी स्प्रिंग कडक करावीच लागते. ‘६० मिमी खाली आणि कंपनीसारखी मऊ’ असं किट कोणीच बनवू शकत नाही.

मागच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्याशी थेट ताडू नका. टॉर्शन बीमवर स्प्रिंग चाकाच्या अलीकडे बसते. बिजागरीपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या ०.७ पटीवर ती असेल तर चाकापाशी तिची जवळजवळ निम्मीच ताकद पोचते. मागे ५ किलो लिहिलंय म्हणून घाबरायचं कारण नाही.

३२ क्लिकवालं किट घ्यावं की क्लिक नसलेलं?

बजेट कमी असेल तर क्लिक नसलेलं, पण नावाजलेल्या कंपनीचं. टाइनच्या स्ट्रीट बेसिस झेडमध्ये क्लिक नसतात, स्ट्रीट ॲडव्हान्स झेडमध्ये १६ असतात. बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत ३०. बिल्स्टीन बी१४ आणि केडब्ल्यूचं व्हेरिअंट १ ही महागडी किट आहेत, तरी त्यांत क्लिक नाहीत, कारण कंपनीने स्प्रिंगला जुळेल असं डॅम्पिंग (झोके दाबण्याची ताकद) आधीच ठरवून दिलंय.

अनोळखी किटमधल्या ३२ क्लिकपैकी बऱ्याचदा शेवटच्या पाच-सहांतच फरक जाणवतो. डावा आणि उजवा शॉकअप एकाच क्लिकवर एकसारखे वागतील याचीही खात्री नसते. याची घरी ढोबळ तपासणी करता येते: स्प्रिंग काढून दोन्ही शॉकअप एकाच क्लिकवर ठेवा, दांडा पूर्ण दाबा आणि वर यायला किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. ठळक फरक आला तर परत करा.

मोनोट्यूब चांगलं की ट्विन ट्यूब?

कामगिरीत मोनोट्यूब, खडीच्या रस्त्यावर ट्विन ट्यूब. मोनोट्यूबमध्ये पिस्टन बाहेरच्या नळीलाच आतून घासत फिरतो. उडालेल्या दगडाने नळीला पोचा पडला की पिस्टन तिथे अडकतो किंवा सील फाटतो. ट्विन ट्यूबमध्ये बाहेरची नळी तेल साठवण्यासाठी असते, पिस्टन आतल्या नळीत फिरतो, त्यामुळे लहान पोचा निभतो. मोनोट्यूबला उष्णता लवकर बाहेर टाकता येते. औट्रम घाट भराभर उतरायचा असेल तर त्याचा उपयोग, पण मे महिन्यातल्या ४२ अंशांत ऑफिसला जाणाऱ्या गाडीचं ट्विन ट्यूबवर काही अडत नाही. रोजची वाट खडीची असेल तर ट्विन ट्यूब घ्या.

फुल लेंथ ॲडजस्टेबल म्हणजे काय? जास्तीचे पैसे द्यावेत का?

साध्या किटमध्ये स्प्रिंगची बशी फिरवून उंची बदलते आणि तिच्याबरोबर बंप ट्रॅव्हलही बदलतं. फुल लेंथमध्ये खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो. स्प्रिंगचा ताण एकदा ठरवायचा, बहुतेक किटच्या पत्रकात ३ ते ५ मिमी सांगतात, आणि मग उंची खालच्या ब्रॅकेटने बदलायची. शॉकअपचं ट्रॅव्हल तसंच राहतं. सोय चांगली आहे, पण २५ मिमी खाली करून वर्षानुवर्षं तिथेच ठेवायची असेल तर तिची गरज पडत नाही. शिवाय खालच्या आट्यांत चिखल शिरतो. तेच पैसे नव्या माउंटवर (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला जोडणाऱ्या भागावर) घाला.

साध्या किटमध्ये बशी फार खाली नेली की दुसरी अडचण येते. चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल होते आणि जागेवरून सरकते. जॅक लावून चाक मोकळं सोडा आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. हलत असेल तर हेल्पर स्प्रिंग (सैलपणा भरून काढणारी छोटी मऊ स्प्रिंग) लागते किंवा गाडी वर घ्यावी लागते.

वरचे माउंट पिलोबॉलचे घ्यावेत का?

नकोत. धातूचा गोळा धातूत फिरतो, आत धूळ गेली की काही महिन्यांत टकटक सुरू होते. रबराचे कंपनीचे माउंट वापरा आणि नवेच घ्या, बेअरिंगसकट. ६० हजार किलोमीटर चाललेलं जुनं माउंट नव्या किटवर बसवणं ही सगळ्यात महाग पडणारी काटकसर आहे, कारण ते बदलायला सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

मेकॅनिक म्हणतो, आहे त्याच स्प्रिंगचं एक वेटोळं कापून देतो. फुकटात काम होतंय.

करू देऊ नका. स्प्रिंगचं शेवटचं वेटोळं बशीत बसेल अशा आकाराचं केलेलं असतं. कापलेलं टोक बशीत नीट टेकत नाही आणि चाक खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग जागा सोडते. गॅसने कापली तर त्या जागी पोलादाचं पाणी उतरतं आणि स्प्रिंग तिथूनच तुटते. सहा वेटोळ्यांतलं एक कापलं की स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण ट्रॅव्हल त्याहून कितीतरी जास्त कमी होतं. तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट, ती दर आठवड्याला थोडी-थोडी बसतच राहते.

नुसत्या लोअरिंग स्प्रिंगवर भागेल का?

२०-२५ मिमीच हवे असतील आणि शॉकअप नवे किंवा ठणठणीत असतील तर भागेल. आयबाख, एच अँड आर यांच्या स्प्रिंग विचारा. बंप स्टॉपरही आखूड करावा लागू शकतो, तसं असेल तर सोबतच्या पत्रकात किती कापायचा ते लिहिलेलं असतं. शॉकअप थकलेले असतील तर मात्र स्प्रिंगवर पैसे घालू नका, तीन-चार महिन्यांत तेल गळायला लागेल.

बसवताना कुठे चुका होतात?

शॉकअप बदलणं मेकॅनिकला येतंच. चुका बारीकसारीक ठिकाणी होतात. म्हणून काम चालू असताना गाडीपाशी थांबा.

काम सुरू करण्याआधी चारही चाकांचं मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आकडा बिघडवते. जुना स्ट्रट सोडताना स्प्रिंग कंप्रेसर दोन्ही बाजूंनी सारखा लावलेला आहे ना ते पाहा. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, म्हणून तिच्या टोकासमोर कुणी उभं राहू नये.

नव्या स्ट्रटच्या वरचा मधला नट इम्पॅक्ट गनने मारू देऊ नका. गनने दांडाही फिरतो आणि सीलची कड कापली जाते. ऍलन कीने दांडा धरायचा आणि आरपार सॉकेटने नट फिरवायचा. नकलचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळा, आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. काही गाड्यांत हे बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात आणि पुन्हा वापरायचे नसतात, असे बोल्ट आधीच नवे आणून ठेवा.

ब्रेकची रबरी नळी आणि एबीएसची वायर धरणारा ब्रॅकेट स्वस्त किटवर कधी नसतो, कधी चुकीच्या जागी असतो. तिथे केबल टाय बांधून सोडून दिलं तर स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावर नळी टायरला घासते. दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, चाक लटकलेलं आणि टेकलेलं अशा दोन्ही अवस्थांत बोटाने अंतर तपासा.

आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होणारी गोष्ट: लोअर आर्म (चाक बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) आणि टॉर्शन बीमच्या बुशचे (रबरी सांध्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाक लटकलेल्या अवस्थेत आवळले की गाडी खाली येताच बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं, गाडी जादा कडक लागते आणि बुश फाटतं. चाकांवर वजन घेऊन, पिटवर किंवा रॅम्पवर आवळा.

अलाइनमेंट लगेच करायची का?

गाडी घरी नेण्याइतकी टो सेटिंग (वरून पाहताना चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) लगेच करून घ्या. स्प्रिंग बसायला ३०० ते ५०० किलोमीटर लागतात. मग उंची पुन्हा मोजा, बशा सारख्या करा, बशी जागेवर धरणाऱ्या लॉक रिंगा आवळा आणि तेव्हा पक्की अलाइनमेंट करा. टाकी अर्धी आणि ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्याएवढं वजन असेल तर उत्तम.

गाडी खाली आली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि टो सरकते. टायर आतल्या कडेने खाल्ला की लोक कॅम्बरला (समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर झुकण्याच्या कोनाला) दोष देतात. खरं नुकसान टो करते, कारण चाक सतत थोडं तिरकं घासत चालतं. पुढे एक-दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर आला तरी टो बरोबर असेल तर टायर नीट चालतात. टॉर्शन बीम असलेल्या गाडीत मागचे कोन फिरवायची सोय नसते, पण छापील कागद मागाच. मागची टो बाहेर दिसली तर बीम आधीच वाकलेला असू शकतो.

हेडलाइटही पुन्हा लावून घ्या. पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खाली आला असेल तर रात्री समोरचं दिसत नाही, मागचा जास्त खाली गेला असेल तर समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड जातो.

फार खाली केली तर वळणावर आणखी चांगली चालेल ना?

नाही. मॅकफर्सन गाडीत लोअर आर्म बाहेरच्या टोकाला वर झुकू लागला की रोल सेंटर (वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातं आणि बॉडी झुकवणारी तरफ लांब होते. ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, लिंक रॉड (झुकाव रोखणाऱ्या बारला जोडणारी दांडी) तिरकी होते. गाडी सपाट जागी उभी करून लोअर आर्म बघा. आडवा असेपर्यंत ठीक, त्यापुढे गेला असेल तर वर घ्या.

क्लिक कसे लावायचे?

पूर्ण कडक करून तिथून उलटे मोजा, कारण मऊ बाजूचं शेवटचं टोक काही किटमध्ये नीट लागत नाही. मधोमध सुरुवात करा. एकच १० किलोमीटरचा तुकडा निवडा, ज्यात खड्डेही असतील आणि काळ्या मातीमुळे लाटा आलेलं डांबरही असेल. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता झोके घेतो. लाटेनंतर गाडी दोनदा-तीनदा झुलत राहिली तर दोन क्लिक कडक. लागोपाठच्या खड्ड्यांवर गाडी खाली-खाली बसत जाऊन शेवटी आपटली तर दोन क्लिक मऊ: स्प्रिंगला पुढच्या खड्ड्याआधी परत उघडायला वेळच मिळत नाहीये. एका वेळी पुढचे किंवा मागचेच बदला आणि वहीत लिहा. समृद्धीवर १२० ने छान वाटलेली सेटिंग गंगाखेडच्या आतल्या रस्त्यावर कडक वाटू शकते. रोज जिथे जास्त चालता त्या रस्त्याला धरा.

खडखड आवाज येतोय, किट गेलं का?

बहुतेक वेळा नाही. स्टीअरिंग वळवताना स्प्रिंग ‘टण्’ करत असेल तर वरचं बेअरिंग चुकीचं बसलंय. छोट्या खड्ड्यांवर कटकट असेल तर आधी लिंक रॉड, मग वरचा मधला नट, मग लॉक रिंग. दांड्यावर ओलं तेल दिसलं किंवा दाबताना सुरुवातीचे काही मिलिमीटर विरोधच जाणवला नाही, तर शॉकअप गेला.

जुनं वापरलेलं किट घ्यावं का?

बशी समोर फिरवून दाखवली तरच. आटे गंजून जाम झाले असतील तर उंची बदलता येत नाही आणि कॉइलओव्हर घेतल्याचा अर्थच उरत नाही. दांड्याच्या क्रोमवर नखाला लागेल असा खड्डा असेल तर नवं सीलही टिकणार नाही.

आरटीओ आणि विम्याचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए(४) नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. नंबरप्लेट एमएच-२० असो की एमएच-२६, कायदा एकच. त्यामुळे बदल करण्याआधी आपल्या आरटीओत विचारा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा, न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येतो. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनच्या दाव्याला नकार मिळू शकतो, हेही धरून चाला.

पावसाळ्यात काय जपायचं?

काळा चिखल आट्यांत भरला की वाळून सिमेंटसारखा होतो. चिखलातून आल्यावर आधी साध्या पाण्याने भिजवा, मग नरम ब्रशने काढा. प्रेशर वॉशरचा फवारा सीलवर थेट मारू नका. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर बशी दोन आटे फिरवून परत जागेवर आणा, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) पातळ हाताने लावा आणि लॉक रिंगवर पेंटने आडवी खूण करा, म्हणजे रिंग सरकली तर उभ्या-उभ्या दिसेल.

काढलेले जुने शॉकअप आणि स्प्रिंग विकून टाकू का?

नको. तेलाचा हात लावून, डावं-उजवं लिहून, उभे ठेवा. गाडी विकायची झाली किंवा आरटीओत न्यावी लागली तर तेच लागतील, आणि किटचा एखादा शॉकअप दुरुस्तीला गेला तर तेवढे दिवस गाडी त्यांच्यावरच चालेल. मात्र एका अॅक्सलवर एक कंपनीचा आणि एक किटचा असं कधीही बसवू नका, पुढची किंवा मागची जोडी पूर्णच बदला.